कोलाजचं पहिलं प्रदर्शन: सुटं काय ठेवायचं, पक्कं काय करायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: तुम्ही नाशिकच्या एका शाळेत कलाशिक्षिका आहात. सहा वर्षं घरी, जेवणाच्या टेबलावर कोलाज, म्हणजे कागद कापून-चिकटवून चित्रं, करताय आणि साठेक कामं झाली आहेत. एक कविमित्र म्हणतात, माझ्या कविता आणि तुमची चित्रं असं एकत्र प्रदर्शन करू. आठ महिन्यांनी गावातला एक हॉल मिळतोय, त्याचे पैसे या आठवड्यात भरायचे आहेत. मुंबईला जहांगीर कलादालनात अर्ज करावा का, किती चित्रं लावावीत, चित्राखालच्या चिठ्ठीवर माध्यम काय लिहावं, हेही विचारलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता, लिहिलंय की बरीच चित्रं वाकली आहेत, आणि रोज रात्री टेबल आवरावं लागतं म्हणून काम पुढे सरकत नाही.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

मी पुण्यात सत्तावीस वर्षं कोलाजचं काम करते आहे. त्याआधी एका मासिकाच्या कचेरीत पेस्टिंग करायचे. संगणक यायच्या आधीचे ते दिवस: मजकुराचे ब्रोमाइड (फोटो-कागदावर उमटवलेला मजकूर) कापायचे, रबर सोल्यूशन लावून आर्टवर्कवर बसवायचे आणि पान छपाईला पाठवायचं. तिथे हाताला सवय लागली झटपट चिकटवायची. ती मोडायला मला पुढे बरीच वर्षं लागली. कोलाजमध्ये कापण्यात फारसं काही पणाला लागत नाही, खरा निर्णय चिकटवताना होतो. तो जितका लांबवता येईल तितका लांबवावा. आपण नेमकं उलटं करतो: कागद घाईने चिकटवतो आणि माणसांमधला व्यवहार मोघम, सुटा ठेवतो. तुमच्या प्रश्नात मला दोन्ही दिसतंय, म्हणून लांबलचक लिहिते आहे.

आधी टेबलाचं. रोज रात्री आवरावं लागत असेल तर रोज रात्री तुम्हाला काहीतरी चिकटवून टाकावं लागतं, नाहीतर रचना मोडते. म्हणजे चित्र कधी पुरं झालं हे तुमची नजर ठरवत नाही, जेवणाची वेळ ठरवते. वेगळी खोली लागत नाही. सनबोर्डचे (हलक्या फोमच्या फळीचे) किंवा पातळ प्लायचे तीन तुकडे आणा, पलंगाखाली सरकतील एवढे. त्यावर रचना मांडा, सुट्या कागदांवर एक काच ठेवा आणि बोर्ड तसाच आत सरकवा. दुसऱ्या दिवशी तो काढून पाहताना रचनेत काय खोटं आहे ते पहिल्या क्षणात दिसतं. एका वेळी तीन चित्रं चालू असली की एकावर अडलेला हात दुसऱ्यावर जातो, हा आणखी फायदा.

माझ्याकडे लाकडी घोड्यांवर टाकलेलं जुनं दार आहे, तेच टेबल. त्याच्या एका अर्ध्या भागाला हात लावायचा नाही असा घरातला नियम आहे. कागद दाबून ठेवायला आजीच्या तराजूतली पितळी वजनं वापरते, छटाक आणि अर्धा पाव. रचना चालू असताना पंखा बंद, एप्रिलमध्येसुद्धा. फ्रेंच चित्रकार हेन्री मातिस उतारवयात कागद कापून जी मोठी चित्रं करत असे, त्यात मदतनीस रंगवलेले तुकडे त्याच्या सांगण्यावरून भिंतीवर टाचणीने टोचायचे, काढायचे, पुन्हा टोचायचे. ते तुकडे दिवसेंदिवस तसेच असत. मला ही टाचणी कात्रीपेक्षा महत्त्वाची वाटते. आपल्याकडे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींची १९५७ साली दृष्टी गेली, त्यानंतर त्यांनी कागद कापून चित्रं केली, बोटांनी चाचपत. त्या चित्रांचे छापील फोटो पाहतानाही कळतं की प्रत्येक तुकडा आधी हातात पुरता ओळखीचा झालाय आणि मग जागेवर बसलाय.

आता वाकलेली चित्रं. तुम्ही लाकडासाठीचा पांढरा गोंद लावताय, असं लिहिलंय. तो कागदाला फार ओलं करतो, आणि एकदा वाळला की सोडत नाही. पण वाकण्याचं मुख्य कारण गोंदापेक्षा कागदाच्या धाग्यात आहे. यंत्रावर बनलेल्या कागदाचे तंतू बहुतांश एका दिशेने पडलेले असतात. ओला झाला की कागद त्या दिशेला आडवा फुगतो, वाळताना आकसतो आणि खालच्या पुठ्ठ्याला ओढतो. तळहाताएवढा तुकडा घ्या, एका बाजूने पाण्याचं बोट फिरवा. तो आपोआप सुरळी होईल. सुरळी ज्या दिशेला उभी राहते ती धाग्याची दिशा. हे करायला दहा सेकंद लागतात आणि प्रत्येक नव्या कागदाचं मी हे पाहतेच. वरचे कागद आणि पुठ्ठा यांचा धागा शक्यतो एका दिशेला ठेवा. पुठ्ठ्याच्या मागेही साधारण तेवढ्याच जाडीचा कागद त्याच धाग्याने चिकटवा, म्हणजे दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते. मग टीपकागदाच्या मध्ये ठेवून रात्रभर वजनाखाली. पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरला हे सगळं पाठ असतं. नाशिकमध्ये एखादा जुना बाइंडर शोधून त्याच्याकडे दोन दुपार बसा. मला कुठल्याही शिबिरापेक्षा अशा दुपारींनी जास्त शिकवलं.

चिकटवायला मी गव्हाची खळ वापरते. जगभर जुने कागद दुरुस्त करणारे लोक बहुतेकदा गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, आणि ती करायची रीत आपल्या घरात आहे: कुरडयांसाठी काढतो तो चीक. फक्त वरचं पाणी तीन-चारदा बदलायचं, म्हणजे तळाशी शुभ्र निवळ साका राहतो. एक भाग साका, साधारण पाच भाग पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं, गार झाल्यावर चाळणीतून घासून काढायचं. मीठ-हिंग अर्थातच नाही. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते. बाइंडर तिच्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद (तांब्याचा क्षार) घालतात, ते मी घालत नाही. मोरचूद विषारी आहे, आणि तांबं कालांतराने कागद कमजोर करतं. या खळीचा मोठा गुण म्हणजे पाण्याने ती पुन्हा सुटते. चुकलेला तुकडा वर्षभरानेही उचलता येतो.

तुमची आधीची साठ चित्रं वाकली आहेत, ती सगळी वाचतील असं मी सांगणार नाही. किती वाकली आहेत, गोंद किती जाड आहे, यावर ते अवलंबून आहे. मागून कागद लावून, दाबून दहा तरी सरळ होतील, आधी ते करून पाहा.

कागद टिकण्याबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण तुम्ही वर्तमानपत्र बरंच वापरता. त्या कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो, मग करकरीत होऊन तुटतो. ते पिवळं पडणं तुम्हाला हवंच असेल तर हरकत नाही, पण विकत घेणाऱ्याला सांगा. नको असेल तर कात्रणाची प्रत चांगल्या कागदावर, सहज न उडणाऱ्या पिगमेंट शाईत छापून घ्या आणि ती वापरा. हळदीचंही असंच. लग्नपत्रिकांच्या कोपऱ्यांना लावलेलं हळद-कुंकू मला फार आवडतं. एक चित्र मी त्या पिवळ्यावरच उभं केलं होतं. दक्षिणेच्या खिडकीसमोर टांगलं, आणि दोन उन्हाळ्यांत हळद उडाली, कुंकवाचा फिका डाग तेवढा उरला. ज्यांनी घेतलं होतं त्यांना मी दुसरं चित्र दिलं.

कागद कुठून आणायचे यावर तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या फोटोंतल्या एका चित्रात मोडी अक्षरं दिसली म्हणून लिहितेच. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथे रद्दीत, किल्ल्या-कुलुपांच्या शेजारी, कधीकधी मोडी कागदांची रुमालात बांधलेली दप्तरं येतात. सुरुवातीच्या वर्षांत मी असं एक दप्तर घेतलं होतं. हातकागद, अजून लवचीक, कडा तेवढ्या कसरीने खाल्लेल्या. शाई काळीभोर. कात्री हातात घेतली आणि त्यातली एक ओळही मला वाचता येत नाही हे लक्षात आलं. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांना दाखवलं. एका गावच्या विहिरीच्या पाण्याच्या वाटणीचे कागद होते, पाळ्या लिहिलेले, नावानिशी. ते सबंध दप्तर मी जशास तसं ठेवलं आहे. तेव्हापासून माझा नियम: जे जगात एकच आहे ते कापायचं नाही. हस्तलिखित, पत्रं, घरचे फोटो स्कॅन करायचे, पातळ हातकागदावर छापायचे आणि ती प्रत कापायची. ज्याच्या हजारो प्रती निघाल्या, कॅलेंडर, तिकिटं, लेबलं, पत्रिका, ते बिनधास्त कापायचं. तुमचे ते कागद मूळ असतील तर उरलेले पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा जवळच्या मोडी जाणकाराला दाखवा. ही माझी कळकळीची विनंती समजा.

दुसऱ्याच्या चित्रांचा वापर हा वेगळा मुद्दा आहे. कागद तुमच्या मालकीचा असला तरी त्यावरच्या चित्राचे हक्क तुमचे नसतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात, २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोंचेही फोटोग्राफरच्या निधनानंतर ६० वर्षं. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, चित्रकार धुरंधर १९४४ साली. त्यांची चित्रं मोकळी आहेत. तुम्ही दिवाळी अंकांची जी मुखपृष्ठं वापरताय त्यांतली काही चित्रकार दीनानाथ दलालांची दिसतात. दलाल १९७१ साली गेले, म्हणजे त्या चित्रांचे हक्क २०३१ संपेपर्यंत आहेत. चित्रकार भूपेन खख्खर यांनी १९६५ मध्ये जहांगीरमध्ये जे पहिलं प्रदर्शन केलं त्यात बाजारातल्या देवांच्या छापील तसबिरी कापून लावल्या होत्या, आणि आज ती कामं महत्त्वाची मानली जातात. तेव्हा वापरूच नका असं मी म्हणत नाही. मी स्वतः ओळखू येईल असा सबंध चेहरा किंवा सबंध चित्र घेत नाही, रंगाचा, पोताचा तुकडा घेते. ज्या चित्राची पोस्टकार्डं किंवा छापील प्रती काढायच्या आहेत त्यात तर दुसऱ्याचं काही ठेवतच नाही.

आता कविमित्र. इथे मात्र सगळं आधी पक्कं करायचं. फार वर्षांपूर्वी एका कवितासंग्रहासाठी मी बारा कोलाज केली होती. कवीशी घरोबा, प्रकाशक ओळखीचे, म्हणून कागदावर काहीच नव्हतं. पुढच्या वर्षी ती बारा चित्रं एका कॅलेंडरवर आली, बारा महिन्यांना बारा. मला ते एका नातेवाइकाच्या स्वयंपाकघरात भिंतीवर दिसलं. पैशांपेक्षा जास्त वाईट वाटलं ते याचं की जानेवारीच्या चित्राचा उजवा कोपरा तारखा बसाव्यात म्हणून कापला होता, आणि त्या कोपऱ्यासाठी मी तीन आठवडे घालवले होते. भांडायला माझ्याकडे एक ओळ लिहिलेली नव्हती, कवीचीही तितकीच अडचण झाली, आणि आमचं बोलणं काही वर्षं तुटलं.

म्हणून एक पान लिहा, साध्या मराठीत, दोघांच्या सह्यांनी. फ्रेमचा खर्च कोण करणार. चित्र विकलं तर पैसे कसे वाटणार. माझं मत असं की कविता शेजारी टांगली असेल तर चित्राचे पैसे चित्रकाराचे, कविता चित्राच्या आतच असेल तर वाटणी. उरलेली चित्रं कोणाच्या घरी जाणार. पुस्तक, पोस्टकार्ड, कॅलेंडर यांसाठी दोघांची परवानगी लागेल. दोघांपैकी एकाने मध्येच माघार घेतली तर काय. नावं कुठल्या क्रमाने. मूळ चित्र विकलं म्हणजे ते छापायचा हक्क विकला असं होत नाही, तो लेखी द्यावा लागतो. तो देताना मुदत लिहा, कायद्याने मुदत न लिहिलेला करार पाच वर्षांचा धरला जातो. हे पान लिहिताना अवघडल्यासारखं होईल. पण ज्यांच्याशी असं पान लिहिता येत नाही त्यांच्याबरोबर आठ महिने कामही नीट होत नाही, हे मी तीनदा पाहिलंय.

कामाच्या बाजूने मात्र दोघांनी जितकं सुटं राहता येईल तितकं राहा. त्यांच्या कविता आधीच लिहून झालेल्या आहेत का? असतील तर धोका असा की तुमची चित्रं त्यांची सजावट होतील. कवितेत पाऊस, चित्रात छत्री. निम्मी कामं तरी उलट दिशेने होऊ द्या: तुम्ही चित्र द्या, ते त्यावर लिहितील. पॅरिसच्या अतिवास्तववादी (सररिअलिस्ट) कवी-चित्रकारांनी १९२५ च्या सुमारास घडीच्या कागदाचा खेळ काढला होता. एकाने काढायचं, घडी घालून झाकायचं, दुसऱ्याने फक्त कडा पाहून पुढे न्यायचं. एका कवयित्रीबरोबर मी हे टपालाने वर्षभर केलं. ती लिफाफ्यात चार ओळी पाठवायची, मी तिसरी ओळ झाकून वाचायचे आणि उरलेल्या तिन्हींवर काम करायचे. ती झाकलेली ओळ मी चित्र पुरं झाल्यावर वाचायचे. त्या वर्षातली पाच कामं मला आजही माझी सर्वांत चांगली वाटतात.

आता हॉल. पैसे परत मिळण्यासारखे असतील किंवा रक्कम तुम्हाला झेपणारी असेल तर भरा. आठ महिने पुरतात, पण भिंतीच्या निम्मी तरी चित्रं आज तयार असायला हवीत. हे घरी तपासता येतं. तुम्हाला आवडणारी वीस चित्रं एका दिवशी घरातल्या सगळ्यांत लांब भिंतीला टेकवून ओळीने मांडा आणि आठवडाभर राहू द्या. सुटी सुटी छान दिसणारी कामं ओळीत एकमेकांना मारतात, आणि एखादं शांत चित्र एकदम ओळ सांभाळायला लागतं. कुठली काढायची ते आठवड्यात आपोआप कळेल. हिशोब सोपा आहे: भिंत साठ फूट, फ्रेम दोन फुटांची, मध्ये दीड फूट मोकळं, तर सतरा चित्रं. साठ कधीच नाही. कवितांनाही जागा लागेल, म्हणजे बारा-चौदा धरा. चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ ते ६० इंचांवर ठेवा. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) किंवा पट्टी हवीच. पावसाळ्यात काचेला आतून ओल धरते आणि कागद तिला चिकटतो. माझं एक चित्र असं कायमचं काचेला गेलं आहे. संग्रहालयं कागदावरच्या कामांसाठी पन्नास लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास, म्हणजे मंदच उजेड ठेवतात, तेव्हा हॉलमधले झगझगीत दिवे चित्रांवर अगदी जवळून सोडू देऊ नका. आणि खर्च मोजताना लक्षात ठेवा, पहिल्या प्रदर्शनात भाड्यापेक्षा फ्रेमिंग जास्त जातं, निदान माझं गेलं होतं.

किमतींवर फार विचार करू नका. एका आकाराच्या चित्रांना एकच किंमत लावा आणि तीच सगळ्यांना सांगा. पुढे एखाद्या खासगी गॅलरीने बोलावलं तर ती विक्रीच्या ३० ते ५० टक्के ठेवते, त्या हिशोबाने आजची किंमत फार खाली नको.

जहांगीरला अर्ज जरूर करा, पण याच्याशी जोडू नका. तिथली रांग काही वर्षांची असते. अर्ज टाकून विसरून जायचं आणि काम करत राहायचं. दरम्यान राज्य कला प्रदर्शन, बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन अशा ठिकाणी एकेक काम पाठवा. निवड झाली नाही तरी एक चित्र नीट पुरं करून, फ्रेम करून, वेळेत पोचवण्याची शिस्त लागते.

म्हणजे या आठवड्यात बोर्ड, खळ आणि ते एक पान, एवढं पुरे.

राहिलं माध्यम. 'मिश्र माध्यम' लिहू नका, त्यातून कुणाला काही कळत नाही. कागदांची नावं लिहा. माझ्या एका चित्राखाली चिठ्ठी होती: 'एस.टी.ची तिकिटं, लग्नपत्रिका, हातकागद, गव्हाची खळ'. प्रदर्शनाला आलेले एक निवृत्त कंडक्टर ती वाचून चित्राच्या अगदी जवळ गेले, चष्मा वर केला आणि एका तिकिटावरच्या पंचच्या भोकावर बोट धरून म्हणाले, "हा सातव्या टप्प्याला उतरलाय." मग बराच वेळ ते एकेक तिकीट वाचत राहिले. बाकीची भोकं मी रंगीत कागदांखाली झाकली होती, त्यांना ती वाचता आली नाहीत. त्यानंतरच्या एकाही चित्रात मी तिकिटाचं भोक झाकलेलं नाही.